फेअरी सिमेंट

मंगळवारी सकाळी एका परदेशी वकिलातीची मेल आली. नमस्कार-चमत्कार झाल्यावर तिसऱ्या मुद्द्यात लिहिलं होतं की आपण जोडलेल्या तिन्ही कोटेशनांत 'फेअरी सिमेंट' असा उल्लेख आहे. हे कोणतं साहित्य, आणि तीन स्वतंत्र पुरवठादारांच्या कागदांत इतकं साम्य कसं, याचा खुलासा शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत करावा.

'साम्य' म्हणे. सुशिक्षित माणसं लबाडीला लबाडी म्हणत नाहीत, साम्य म्हणतात. एकतीस वर्षं मी बँकेत काढली. एका व्हाउचरवर कधी खाडाखोड केली नाही. आणि आता साठी उलटल्यावर कोणीतरी बाई मला इंग्रजीत, आदरपूर्वक, चोर ठरवत होती.

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात. पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो सगळा जांभ्या दगडातून गाळल्यासारखा खाली समुद्राकडे निघून जातो. मार्च संपता संपता झऱ्याची धार करंगळीएवढी होते, मग टँकर. झऱ्याखालच्या उतारावर वीस-वीस हजार लिटरच्या दोन फेरोसिमेंटच्या, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून केलेल्या, टाक्या बांधायच्या आणि रात्रभर वाया जाणारी धार त्यांत साठवायची, एवढाच आमचा प्रकल्प. खर्च नऊ लाख चाळीस हजार. मुंबईहून निवृत्त होऊन गावी आलो, इंग्रजी येतं, म्हणून ट्रस्टचा सेक्रेटरी मी.

वकिलाती अशा लहान कामांना पैसे देतात, हे मीच सभेत सांगितलं होतं. माझीच चूक. उदाहरण म्हणून जपानचं नाव घेतलं. त्यांची अशी योजना १९८९ पासून आहे आणि साधारण एक कोटी येनपर्यंत मदत मिळू शकते. सभेला 'एक कोटी' ऐकू आलं. 'येन' कोणी ऐकलंच नाही. येन रुपयापेक्षा हलका असतो हे मी तीनदा सांगितलं, तोवर मागच्या रांगेत व्यायामशाळा बांधून झाली होती. शेवटी अर्ज केला तो देश वेगळा. त्याचं नाव घेत नाही, कारण अजून आशा आहे. आणि 'वकिलात' हा शब्द बोलून मी आणखी एक घोळ केला. आठवडाभर लोक दबक्या आवाजात विचारत होते, "काका, कोर्टात गेलात काय? जमिनीचं हाय?"

मग कागद. ट्रस्टचे जुने अध्यक्ष २०१६ साली वारले. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आम्ही तेराव्याला जेवलो आणि विसरलो. म्हणजे दप्तरी ते परवा-परवापर्यंत हयात होते आणि प्रत्येक ठरावावर त्यांची सही अपेक्षित होती.

त्याहून मोठी गंमत एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्याची. नोंदणी हवी तर संस्था तीन वर्षं जुनी पाहिजे आणि त्या तीन वर्षांत कामावर पंधरा लाख खर्च झालेले पाहिजेत. आमचा तीन वर्षांचा खर्च वह्यावाटप आणि डोळ्यांचं शिबिर धरून शहाऐंशी हजार. नोंदणी असलेल्या एखाद्या मोठ्या संस्थेमार्फत पैसे घ्यावेत म्हटलं, तर ती वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झालेली. उरली पूर्वपरवानगी. तिच्या अर्जाला देणगीदाराचं पत्र जोडावं लागतं, की आम्ही या संस्थेला या कामासाठी इतके पैसे देणार आहोत. वकिलात म्हणते, आधी परवानगी दाखवा, मग पत्राचं बघू. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. हे सगळं सुटलंच, तर पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत उतरणार आणि तिथून आमच्याकडे येणार. आमची वस्तीची एसटीसुद्धा एवढा वळसा घेत नाही.

पण सांगत होतो कोटेशनांचं.

तीन वेगवेगळ्या पुरवठादारांची कोटेशनं हवीत, असा नियम. नियम रास्त आहे, बँकेत मीही तो लोकांना ऐकवलेला आहे. अडचण अशी की आमच्या बाजारपेठेत सिमेंट, सळ्या, वेल्डमेश आणि चिकनमेश विकणारं दुकान एकच. तिथेच छत्र्या, युरिया आणि गणपतीची मखरंही मिळतात. शेठ गल्ल्यावर बसून पंख्याच्या वाऱ्यात बिलं उडू नयेत म्हणून त्यांवर अर्ध्या इंचाचा पाइपचा तुकडा ठेवतात.

"तीन कोटेशनं पायजेत?" शेठ म्हणाले. "बसा. चहा होईस्तोवर देतो."

त्यांनी खालचा खण उघडला. आतून तीन लेटरहेडं काढली आणि पत्ते मांडावे तशी काउंटरवर मांडली. एक त्यांचं. एक मेव्हण्याचं. तिसऱ्यावर त्यांच्या वडिलांचं नाव.

"वडील तर..." मी म्हणालो.

"गेले ना, बारा वर्सं झाली. पण फर्म जिती हाय. आता सांगा, सस्ता कोणाला ठेवू?"

"शेठ, असं नाही चालत. तिघांनी स्वतंत्र भाव द्यायचा असतो."

"मग स्वतंत्रच देतो की. वडिलांचा भाव नेहमी चढा. त्यांचा सोभावच तसा होता." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मेव्हण्याला दोन नंबर देऊ. एकदम शेवटी टाकला तर बहीण बोलणार नाय."

"मेव्हण्याचं दुकान तरी आहे का?"

"व्हतं."

"शेठ, ही स्पर्धा नाही. ही फसवणूक आहे."

हा शब्द त्यांना लागला. पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बँकेत खातेदार माझ्याकडे बघायचे. "काका, तुमची वकिलात ज्या देशातली, तिथं एका गल्लीत तीन-तीन हार्डवेअरवाले हायत काय?"

"असतील."

"मग ते देश सुधारलेले हायत. त्यांना टाक्या कशाला? आमच्याकडं टाकी नाय, म्हणून दुकानपण एकच. तुम्ही त्यांना ह्ये लिवा."

खरं सांगतो, त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्जातल्या 'स्थानिक संदर्भ' या रकान्यात मी दोन पानं लिहिली होती, त्यात एवढं नेमकं एक वाक्य नव्हतं.

तरी मी ताठ राहिलो. शेठचं एकच कोटेशन घेतलं, तेही त्यांच्याच नावाचं, आणि बाकी दोनसाठी एसटीने तालुक्याला गेलो. पहिल्या दुकानात म्हणाले, "तुमच्या शेठनी काय भाव दिलाय ते सांगा, म्हणजे त्याच्या आसपास देतो." तो भाव न सांगण्यासाठी मला दोन चहा प्यावे लागले. दुसऱ्याने चार दिवस फिरवलं. चौथ्या दिवशी कळलं की शेठचा मेव्हणा आता तिथेच नोकरीला आहे. पण कोटेशन खरं होतं. तिन्ही खरी होती. वेगवेगळे भाव, वेगवेगळे शिक्के, जीएसटी नंबर वेगळे. मी स्वतः गणिती पडताळणी केली, शेठचा बेरजेत चाळीस रुपयांचा घोळ काढला.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. तिघांनीही ती इंग्रजीत टाइप करून घेतली होती एसटी स्टँडसमोरच्या एकाच डीटीपीवाल्याकडे. तो पोरगा हुशार आहे, निवडणुकीची सगळी पत्रकं त्याचीच. 'फेरो' हा शब्द त्याच्या ओळखीचा नव्हता, 'फेअरी' होता. त्याने तिघांनाही परीचं सिमेंट दिलं.

सारांश काय, शेठचं ऐकून तिन्ही कागद खोटे केले असते तर... पण ते पुढे येतंच.

बाकीच्या मेलबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे. पहिल्या मुद्द्यात त्यांनी विचारलंय की लाभार्थींची संख्या एका ठिकाणी १४१, एका ठिकाणी ६३ आणि एका ठिकाणी ४०० दिली आहे, तरी नेमका आकडा कळवावा. नेमका आकडा कसला कळवणार? रेशनकार्डावर १४१ माणसं आहेत. आज वाडीत ६३ आहेत, त्यांतली निम्मी माझ्याहून म्हातारी. गणपतीत चाकरमानी आले की ४०० होतात आणि पाण्यावरून भांडणं लागतात. मी तिन्ही आकडे कंसात खुलासे देऊन लिहिले होते. कंस वकिलातीत वाचत नसावेत.

आणि 'महिलांचा सहभाग दोनशे शब्दांत स्पष्ट करा' हे मी वाडीतल्या थोरल्या काकूंना वाचून दाखवलं. त्या हंडा उतरवून म्हणाल्या, "दोनशे शब्द? दोनशे पायऱ्या हायत म्हणून सांग." मी लिहिलं तसंच. त्यावर अजून काही आलेलं नाही.

पण मनात खरा काटा वकिलातीचा नाहीच. ती बाई तिचं काम करते. परक्या मुलखातल्या कुठल्याशा वाडीला पैसे देण्याआधी तिने चार प्रश्न विचारू नयेत, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? काटा असा की गेल्या वर्षी देवळाच्या कमानीसाठी आमच्या मुंबई मंडळाने तीन आठवड्यांत सहा लाख जमवले. एकाने कोटेशन मागितलं नाही. लाभार्थी किती, कोणी विचारलं नाही. टाकीचा विषय काढला तेव्हा विरारच्या बैठकीत एकजण म्हणाला, "पाण्याचं काय ते सरकार बघेल ना." कमान सुंदर झाली आहे. तिच्याखालून टँकर जात नाही, उंची कमी पडते. तो मागच्या वाटेने येतो.

ही गोष्ट अर्जात लिहिण्यासारखी नाही, म्हणून इथे लिहिली.

काल खुलासा टाइप करायला डीटीपीवाल्याकडे गेलो. 'फेरो' मी त्याला मोठ्या अक्षरात लिहून दिलं. परतताना शेठच्या दुकानात टेकलो आणि न राहवून सगळं सांगितलं. शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खालचा खण उघडला, ती तीन लेटरहेडं काढून माझ्यासमोर ठेवली आणि प्रत्येकावर बोट ठेवत गेले.

"ह्ये आपलं, ह्ये इथंच टाइप होतं. मेव्हण्याचं चिपळूणला. वडिलांचं रत्नागिरीला, हातानं लिवून. एका ठिकाणी सगळं करायचं नसतं, काका. तीस वर्सं झाली, एकदा पण कोणी साम्य काढलं नाय."

चहा आला. मी प्यायलो. शुक्रवारला दोन दिवस आहेत आणि दुपारपासून लाइट नाही.