‘थंडरबर्ड आजच काढून टाका’ या मेसेजचं काय करायचं

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, सीए लोकांच्या ग्रुपवर, प्रिंटिंग प्रेसवाल्यांच्या ग्रुपवर, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सुद्धा. थोडक्यात त्यात असं आहे की मोझिला थंडरबर्ड या फुकटच्या मेल प्रोग्रॅमच्या दर अपडेटला दहा-पंधरा सिक्युरिटी होल निघतात, म्हणजे ते आतून सडलंय, नुसता मेल उघडला तरी पीसी हॅकरच्या ताब्यात जातो, सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने त्याला ‘हाय’ रिस्क म्हटलंय, फुकटच्या सॉफ्टवेअरला कोणी वाली नसतो, अपडेट केलं की जुने मेल उडतात म्हणून आधी ऑटो अपडेट बंद करा आणि मग सावकाश वेबमेलवर या. खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर बघणं हा माझा धंदा असल्यामुळे दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली, आणि एका ठिकाणी तर साहेबांनी खरंच ऑटो अपडेट बंद करून टाकलं होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. एकेक मुद्दा घेऊ.

‘दर अपडेटला दहा-पंधरा होल, म्हणजे सडलेलं’

यादी खरी आहे, अर्थ चुकीचा काढलाय. थंडरबर्ड आतून बरंचसं फायरफॉक्सच आहे, म्हणजे मोझिलाचा ब्राउझर, आणि एचटीएमएल मेल (रंग-चित्रं असलेले) दाखवायला तेच गेको इंजिन, म्हणजे पान रेखाटणारा भाग, वापरतं, त्यामुळे फायरफॉक्समध्ये व्हिडिओ, ग्राफिक्स, जावास्क्रिप्ट कशातही काही सापडलं की ती नोंद थंडरबर्डच्या यादीतही येते, कोड तोच म्हटल्यावर येणारच. आणि अशा बऱ्याच याद्यांच्या वरच मोझिला एक वाक्य छापते, की मेल वाचताना स्क्रिप्टिंग (मेलमध्ये लपलेला छोटा प्रोग्रॅम चालणं) बंद असतं त्यामुळे या त्रुटींचा साधारणपणे मेलमधून फायदा उठवता येत नाही, ब्राउझरसारख्या वापरात मात्र धोका असू शकतो. हे वाक्य कुठल्याच फॉरवर्डमध्ये येत नाही, आकडा तेवढा येतो.

त्यात ‘मेमरी सेफ्टी बग्ज’ (मेमरी हाताळताना झालेल्या चुका) नावाची एक नोंद जवळजवळ दर वेळी असते. त्यातले बरेचसे बग मोझिलाच्याच माणसांना आणि त्यांच्या टेस्टिंगला सापडलेले असतात, कोणी त्यांचा गैरवापर केलेला नसतो, पण नेटाने प्रयत्न केला तर होऊ शकतो असं धरून ते आधीच दुरुस्त करून जाहीर करतात. आता हे लपवलं असतं तर यादी छोटी दिसली असती आणि मेसेज लिहिणाऱ्याला सॉफ्टवेअर एकदम ठणठणीत वाटलं असतं.

‘नुसता मेल उघडला तरी पीसी गेला’

या मुद्द्यात दम आहे, म्हणून जरा थांबू. वरचं ‘स्क्रिप्टिंग बंद असतं’ वालं वाक्य ‘साधारणपणे’ असं आहे, कायमचं नाही. २०२२ च्या ऑगस्टअखेर १०२.२.१ आणि ९१.१३.१ या आवृत्त्यांत एक त्रुटी बुजवली, सीव्हीई-२०२२-३०३३ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा नोंदणी क्रमांक). मेल वाचताना नाही, तर त्याला रिप्लाय करायला घेतलं की फसायचं. रिप्लायच्या खिडकीत मूळ मेल कोट होऊन येतो ना, त्या मेलमध्ये ‘मेटा रिफ्रेश’चा टॅग (आपोआप दुसऱ्या पत्त्यावर नेणारी सूचना) लपवलेला असेल तर रिमोट कंटेंट, म्हणजे बाहेरून येणारी चित्रं वगैरे, ब्लॉक केलेलं असूनही थंडरबर्ड बाहेरच्या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवायचं, आणि सोबत आणखी काही टॅग जुळवले की मेलमधलं जावास्क्रिप्ट थेट त्या लिहायच्या खिडकीत चालायचं. म्हणजे तिथे जे काही आहे, कोट केलेला मजकूर धरून, ते वाचता येणार आणि बदलताही येणार. वाचायच्या खिडकीला कडी आणि लिहायच्या खिडकीला नाही, असा प्रकार. ज्यांनी व्ह्यू मेनूतून ‘मेसेज बॉडी ॲज’ला सिंपल एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्ट ठेवलं होतं त्यांना याची झळ लागलीच नसती, आणि हे सेटिंग आजही तिथेच आहे, फुकट आहे, न्यूजलेटर थोडी ओबडधोबड दिसतात इतकंच.

दुसरी २०२५ च्या मे महिन्यातली, सीव्हीई-२०२५-३९०९. मेलच्या आत मेल जोडायचा, त्याचा प्रकार पीडीएफ असा लिहायचा, आणि तुम्ही पीडीएफ समजून उघडलं की थंडरबर्ड ते एचटीएमएल म्हणून दाखवणार आणि त्यातलं स्क्रिप्ट लोकल फाइलच्या, म्हणजे तुमच्याच पीसीवरच्या फाइलच्या, हक्काने चालवणार. ज्या ऑफिसात दिवसभर बिलांच्या पीडीएफ येतात तिथे हे किती चाललं असतं विचार करा. १२८.१०.१ आणि १३८.०.१ मध्ये ते बंद झालं.

तर धोका आहे, कोणी नाही म्हणत नाही. पण या दोन्हींवरचा इलाज अपडेट हाच होता, आणि मेसेज पहिलं काम सांगतो ते अपडेट बंद करायचं! सोर्स कोड सगळ्यांना उघडा असल्यामुळे दुरुस्ती बाहेर पडली की नेमकी कुठली ओळ बदलली ते कोणालाही बघता येतं, हल्ला करणाऱ्यालाही. म्हणून तर मोझिला बगझिलावर (तिच्या बग नोंदवायच्या साइटवर) सिक्युरिटी बगची चर्चा कुलूप लावून ठेवते आणि बहुतेक लोकांचं अपडेट होईपर्यंत उघडत नाही. दुरुस्ती आल्यानंतर जुन्या आवृत्तीवर बसून राहणारा माणूस दुरुस्ती यायच्या आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही.

‘सरकारनेच सांगितलंय’

सर्ट-इन मोझिलाच्या प्रॉडक्टबद्दल सूचनापत्रकं काढते, बरोबर, क्रोमबद्दल काढते, विंडोजबद्दल काढते, अँड्रॉइडबद्दलही काढते. त्यात कुठली आवृत्ती आणि त्याआधीच्या सगळ्या बाधित ते लिहिलेलं असतं आणि उपाय म्हणून ‘अपडेट लावा’. बातमीवाले वरचा ‘हाय’ उचलतात, खालचा उपाय गाळतात, पुढे व्हॉट्सॲपवर त्याचं ‘काढून टाका’ होतं.

‘फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली नसतो’

दहा वर्षांपूर्वी हे कोणी म्हटलं असतं तर मी फार वाद घातला नसता. जुलै २०१२ मध्ये मोझिलाने थंडरबर्डवरचं स्वतःचं लक्ष कमी करतोय असं जाहीर केलं, २०१५ च्या शेवटी मोझिलाच्या प्रमुख मिचेल बेकर यांनी ते वेगळं काढायची भाषा केली, मधली काही वर्षं खरंच ओढाताणीची होती. त्याच काळात २०१७ मध्ये क्युअर५३ या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीने थंडरबर्ड आणि एनिग्मेल (मेल एन्क्रिप्ट करायचं ॲड-ऑन) मिळून ऑडिट केलं तर २२ त्रुटी निघाल्या, त्यातल्या ३ क्रिटिकल. आणि १४ मे २०१८ ला ईफेल नावाचा हल्ला बाहेर आला, त्याने तर एन्क्रिप्टेड मेल वापरणाऱ्यांची झोपच उडवली. पकडलेल्या एन्क्रिप्टेड मेलच्या आजूबाजूला एचटीएमएल पेरून तो परत तुम्हालाच पाठवायचा, तुमचाच प्रोग्रॅम तो उलगडणार आणि उलगडलेला मजकूर इमेजच्या पत्त्यात घालून हल्लेखोराच्या सर्व्हरला नेऊन देणार. थंडरबर्डने ५२.८ मध्ये काही वाटा बंद केल्या, उरलेल्या ५२.९ मध्ये, म्हणजे एका दमात जमलं नाही हेही खरं.

पण जानेवारी २०२० पासून एमझेडएलए टेक्नॉलॉजीज नावाची वेगळी कंपनी, मोझिला फाउंडेशनच्याच मालकीची, हे चालवते, पगारी माणसं आहेत, २०२२ सालात लोकांनी ६४ लाख डॉलरच्या आसपास देणग्या दिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने फायरफॉक्समधली प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली जाणारी त्रुटी कळवली, सीव्हीई-२०२४-९६८०, तेव्हा २५ तासांत दुरुस्ती बाहेर पडली आणि थंडरबर्डची लगेच त्याच्या पाठोपाठ. याला वाली नाही म्हणायचं?

आणि पैसे मोजलेल्याचं बघू. आउटलुक, सीव्हीई-२०२३-२३३९७. मीटिंगच्या रिमाइंडरला कुठला आवाज वाजवायचा त्या फाइलचा पत्ता इन्व्हिटेशनसोबत पाठवता येतो, तिथे हल्लेखोराने स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता घातला की रिमाइंडर वाजायच्या क्षणी विंडोज आपणहून तिकडे लॉगिन करायला जायचं आणि पासवर्डचा एनटीएलएम हॅश, म्हणजे त्याचं सांकेतिक रूप, देऊन यायचं. मेल उघडायची गरज नाही, प्रिव्ह्यूची नाही, तुम्ही चहा प्यायला गेलात तरी चालेल. युक्रेनच्या सर्ट-यूए या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने ते पकडून दिलं, मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०२३ ला पॅच दिला, आणि मे महिन्यात अकामाई या इंटरनेट कंपनीच्या संशोधकाने दाखवलं की पत्त्यात एक चिन्ह वाढवलं की तो पॅच चुकवता येतो, मग परत पॅच. मी हे आउटलुकला शिव्या घालायला सांगत नाहीये, त्यांनी दुरुस्त केलं, लोकांनी लावलं, विषय संपला. डेस्कटॉप मेल प्रोग्रॅम असेच चालतात, पैसे देऊन घ्या नाहीतर फुकट.

‘अपडेट केलं की मेल उडतात’

हा समज कुठून आला ते मला पक्कं माहितीये. प्रोग्रॅम राहतो प्रोग्रॅम फाइल्समध्ये आणि तुमचे मेल राहतात ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स या वेगळ्याच फोल्डरात, इनबॉक्स नावाची एक भलीमोठी टेक्स्ट फाइल असते तिथे, अपडेट तिला पुसायला जात नाही. गोंधळ होतो तो असा की ६८ आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलला स्वतःचं प्रोफाइल, म्हणजे मेल आणि सेटिंगचं फोल्डर, धरायची पद्धत आली, कोणीतरी ३२ बिटचं काढून ६४ बिटचं टाकलं की ते नवं कोरं प्रोफाइल उघडतं, ‘अकाउंट सेट करा’ची पांढरी खिडकी येते आणि माणूस डोक्याला हात लावून बसतो. जुनं प्रोफाइल शेजारीच पडलेलं असतं. हेल्प मेनूतून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथून अबाउट:प्रोफाइल्स, जुन्यासमोर ‘सेट ॲज डिफॉल्ट’, रीस्टार्ट, सगळे मेल हजर. मोठ्या आवृत्तीला ॲड-ऑन मोडतात ही तक्रार मात्र खरी, ७८ ला कित्येकांचे मोडले, आणि ११५ चं रूप बदलल्यावर मलाही चार शिव्या सुचल्या होत्या. पण १२८.३ वरून १२८.३.१ हे तसलं अपडेट नसतं, त्यात मुख्यतः दुरुस्त्याच असतात. बॅकअप घ्यायचाच असेल तर थंडरबर्ड बंद करून ते प्रोफाइल फोल्डर कॉपी करा, झालं.

‘वेबमेलवर या’

कुठल्या? जीमेल ब्राउझरमध्ये उघडत असाल तर ठीक, दुरुस्ती त्यांच्या बाजूला होते, तुम्हाला कळतही नाही, आणि चार जण वापरतात अशा पीसीवर तर मी पण तेच सांगतो. पण लहान ऑफिसांचं ‘इन्फो ॲट’ वालं मेल बहुतेक वेळा होस्टिंगसोबत मिळालेल्या राउंडक्यूब या वेबमेल प्रोग्रॅमवर असतं. त्या राउंडक्यूबमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये सीव्हीई-२०२३-५६३१ निघाली, मेलमध्ये एसव्हीजी प्रकारचं चित्र लपवून, नुसता मेल ब्राउझरमध्ये उघडला की स्क्रिप्ट चालू, आणि विंटर विव्हर्न नावाच्या टोळीने ती युरोपातल्या सरकारी कार्यालयांवर वापरलीही होती. म्हणजे मेसेज ज्याला घाबरवतोय नेमकं तेच, वेबमेलमध्ये. तिथला पॅच तुमच्या हातात नसतो, होस्टिंगवाला लावेल तेव्हा. त्याला एक मेल टाकून विचारा कुठली आवृत्ती चालू आहे, उत्तर किती दिवसांनी येतं त्यावरून बरंच कळेल.

एका ठिकाणी मात्र ‘काढून टाका’ बरोबर आहे, जिथे अजून विंडोज ७ चालू आहे. तिथे थंडरबर्डची ११५ ही शेवटची मालिका, पुढचं काही त्यावर बसतच नाही. हेल्पमध्ये ‘अबाउट थंडरबर्ड’ उघडून बघा, ११५ किंवा त्याआधीचा आकडा दिसला तर आधी प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि मेल दुसऱ्या, चालू विंडोजच्या मशीनवर हलवा.