महामारीतील कर्मचारी व्यवस्थापन : होतकरू संशोधकांस काही सूचना

‘कोरोनाकाळातील कर्मचारी व्यवस्थापन’ हा विषय पीएच.डी.साठी निवडल्याबद्दल आपले अभिनंदन. साथ ओसरली तरी विषय ओसरलेला नाही, आणि मराठवाड्यात वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना अशा औद्योगिक वसाहती हाताशी असल्याने कर्मचाऱ्यांचा तुटवडा नाही. त्यांतील एकाही वसाहतीत पाऊल न टाकता प्रबंध कसा सिद्ध करावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

साहित्याचा आढावा परदेशातून सुरू करावा. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अवश्य घ्यावा. चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरातील जे कर्मचारी घरून काम करू लागले, त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, असे त्यात आढळले. हे कर्मचारी स्वेच्छेने पुढे आले होते आणि घरी स्वतंत्र खोली असणे ही त्यांच्यासाठी अट होती, हा तपशील मात्र गाळावा. नाहीतर वाळूज वसाहतीलगतच्या रांजणगाव शेणपुंजीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार उगाच डोळ्यांसमोर येतात. डिंगेल आणि नायमन यांनी २०२० मध्ये काढलेला अंदाजही उपयोगी आहे. त्यांच्या मते अमेरिकेतील ३७ टक्के नोकऱ्या पूर्णपणे घरून करता येतात. उरलेल्या ६३ टक्क्यांचे काय, हा प्रश्न मार्गदर्शक विचारणार नाहीत. आपणही काढू नये. भट्टीवरचे काम घरी नेता येत नाही, हे सांगायला संशोधन कशाला हवे?

प्रश्नावली गूगल फॉर्मवरच करावी आणि ती मनुष्यबळ विभागातील एखाद्या मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवावी. तो भला माणूस असेल तर जेवणाच्या सुट्टीत एकटाच पन्नास जणांची मते भरून देईल, आणि मते इतकी एकजिनसी निघतील की विश्वासार्हतेचा गुणांक पाहून बाह्य परीक्षकही सुखावतील. प्रश्न विचारताना तारतम्य हवे. टाळेबंदीतही कामगारांना पूर्ण वेतन द्यावे, असा केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश २९ मार्च २०२० रोजी निघाला, १८ मेपासून तो राहिला नाही आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगारांनी वाटाघाटीतून मार्ग काढावा, असे सांगितले. यावर ‘तुम्हाला पगार मिळाला का?’ असे विचारणे अडाणीपणाचे ठरेल. ‘वेतनविषयक संवादात व्यवस्थापनाने पारदर्शकता राखली’ असे विधान द्यावे आणि खाली ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत पाच गोल ठेवावेत. ठेकेदाराच्या हजेरीवर असणाऱ्यांना हा फॉर्म पाठवू नये. आपले व्यवस्थापन नेमके कोणते, येथेच ते अडतात आणि तक्ता बिघडतो.

करमाडचा प्रसंग टाळता येणार नाही, कारण कोणीतरी विचारतेच. ८ मे २०२० च्या पहाटे तेथे मालगाडीखाली चिरडले गेलेले १६ मजूर जालन्यात पोलाद कारखान्यात काम करीत होते. मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी ते रुळांवरून चालत निघाले होते आणि थकून तेथेच झोपी गेले होते. त्यांना कोणत्या प्रकरणात बसवावे, हा पेच खरा आहे. ‘दूरस्थ कार्यपद्धती’त ते येत नाहीत, ‘कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य’ यातही येत नाहीत, आणि ‘मनुष्यबळ टिकवून धरण्याचे उपाय’ या प्रकरणात त्यांचे नाव काढले तर पुढची चाळीस पाने फाडावी लागतील. प्रस्तावनेत ‘काही दुर्दैवी घटना वगळता’ एवढे शब्द घालावेत.

शिफारशींत प्राणायाम, ऑनलाइन समुपदेशन आणि महिन्यातून एक प्रेरणादायी वेबिनार सुचवावा, ई-प्रमाणपत्रासह. मौखिक परीक्षेत कोणी खवचटपणे ‘यात कंत्राटी कामगार किती?’ असे विचारलेच, तर गडबडू नये. ‘सर, ते संशोधनाच्या मर्यादांमध्ये नमूद केले आहे,’ असे नम्रपणे सांगून पृष्ठ क्रमांक द्यावा आणि चहा मागवावा.