‘सोलरच्या नादी लागू नका’ या मेसेजला उत्तर

सोसायटीचा, नातेवाइकांचा आणि सकाळी तळजाईला फिरायला जाणाऱ्यांचा अशा तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज आला: “सोलरच्या नादी लागू नका. मंजुरी लटकते, सबसिडी नुसती जाहिरातीत असते, लाइट गेली की सोलरही बंद, पावसाळ्यात वीज शून्य, आणि सांगतात तेवढी वीज कधीच बनत नाही.” धनकवडीत आमच्या गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर दीड वर्षापासून चालू आहे, म्हणून लिहिते.

मंजुरीचं आधी. २०२४ च्या नियमदुरुस्तीपासून १० किलोवॉटपर्यंतच्या सोलरला तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही. अर्ज पूर्ण असेल तर तो मंजूरच धरतात. आमचं घोडं अडलं ते घरातच. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, आणि अण्णांना जाऊन नऊ वर्षं झालेली. पीएम सूर्यघरच्या (केंद्र सरकारची घरगुती सोलरची सबसिडी योजना) पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला की समोर त्यांचं नाव. आधार नि बँक खातं मात्र माझं. मग बिल माझ्या नावावर करायला मृत्यूचा दाखला, टॅक्सची पावती आणि नणंदेची ना हरकत. त्या एका सहीसाठी साताऱ्याला जाऊन आले (जेवण झाल्याशिवाय सही मिळाली नाही, ते वेगळं). महिना त्यातच गेला. पुण्यातल्या जुन्या घरांमधली निम्मी ‘लटकलेली मंजुरी’ अशीच असावी, असा माझा अंदाज आहे. अर्जाआधी बिलावरचं नाव वाचा.

सबसिडी मिळते. पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या सोलरला ७८,०००. पण ती बिलातून वजा होत नाही. आधी आपण पैसे भरायचे, पॅनेल बसवायचे, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागू द्यायचा, तपासणी व्हायची, मग रक्कम खात्यात येते. शिवाय पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचेच हवेत. कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ (म्हणजे हीच देशी बनावटीची अट) ही तीन अक्षरं नसतील तर सबसिडी विसरा.

लाइट गेली की सोलर बंद, हे मात्र खरं आहे. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर बाहेरचा पुरवठा गेला की स्वतःहून थांबतो. थांबला नाही, तर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरची वीज झटका देईल. मेसेजवाल्याने याला ‘फसवणूक’ म्हटलंय. फसवणूक झालीच असेल तर विकताना हे न सांगणाऱ्याने केली.

पावसाळ्यात वीज कमी होते, शून्य नाही. वर्षाची सरासरी किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट. जुलैत आमच्याकडे तीनही किलोवॉट मिळून दिवसाला पाच-सहा युनिटच बनली. एप्रिल-मेमध्ये जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि ती युनिट पुढच्या बिलांत वळती होतात. मात्र आर्थिक वर्ष मार्चअखेर संपलं की शिल्लक खातं मिटतं आणि उरलेल्या युनिटना किरकोळ दर मिळतो. म्हणून गच्ची मोठी आहे म्हणून पाच-सहा किलोवॉट ठोकण्यात हशील नाही. स्थिर आकारही सुटत नाही, तेव्हा ‘शून्य बिल’वाल्यांचंही मी खरं मानत नाही.

राहिलं ‘सांगतात तेवढी वीज बनत नाही’. हे आमच्याकडे झालं. एजन्सीचा माणूस जागा बघायला मेच्या मध्यावर, भर दुपारी आला. पुण्यात १३ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायाशी गोळा होते. पाण्याच्या टाकीची सावलीही त्याला दिसली नाही, मलाही नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि दुपारी बारालासुद्धा सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी लांबते. ती टाकीमागच्या दोन पॅनेलवर यायला लागली. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे दोघांवरच्या सावलीने सगळी माळ मंदावते. ॲपमधला आलेख अकरा ते दोन कोणी चावा घेतल्यासारखा दिसायचा. गेल्या फेब्रुवारीत टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली. प्लंबरचे पैसे आम्हीच दिले.