कोपऱ्यात शार्प आहे का?

जुनी पन्नास एमेमची लेन्स घेणं हा काही पराक्रम नाही. डोळे मिटून कुठल्याही कंपनीची उचला, मिनोल्टा, पेंटॅक्स, ऑलिम्पस, यशिका, अगदी कुणाच्या तरी काकांच्या रशियन झेनिटवरची हेलिऑस घ्या (ती ५८ आहे, पण चालतंय), मस्तच निघते. स्वस्तात मिळते, फोटोला तो जुना गोडवा येतो, लोक लाइक ठोकतात आणि माणसाला वाटायला लागतं की आपल्याला जुन्या लेन्समधलं कळतं. इथेच घात होतो. कारण पुढच्याच आठवड्यात तो म्हणतो, चला आता एक वाइड (एमेम कमी, म्हणून दृश्य जास्त रुंद) घेऊन टाकू.

घेऊन टाकू! जसं काही कोथिंबीर घ्यायचीय.

वाइडची गंमत अशी आहे की मुळात सगळा दोष आरशाचा आहे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मधे आरसा वरखाली होतो, त्याला हालायला जागा लागते, म्हणून लेन्सचा माउंट (लेन्स जिथे अडकते ते कडं) फिल्मपासून चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर लांब. निकॉनचा ४६.५, पेंटॅक्सच्या आट्यांचा एम-४२ म्हणजे ४५.४६, मिनोल्टाचा ४३.५. आता २८ एमेमची साधी लेन्स फिल्मपासून साधारण २८ मिलिमीटरवर बसायला हवी, आणि तिथे तर आरसा बसलाय ठाण मांडून. मग फ्रान्समधल्या अँजेन्यूने १९५० मध्ये रेट्रोफोकस नावाची ३५ एमेम काढली, म्हणजे पुढे मोठं पसरवणारं भिंग आणि मागे गोळा करणारं, थोडक्यात टेलिफोटो उलटा करून लावलेला. आरसा वाचला. पण त्या पुढच्या भिंगाने जे बिघडवलं ते निस्तरायला अजून एक भिंग, त्याने जे केलं ते निस्तरायला अजून एक, असं करत करत आत सात-आठ भिंगांचं एकत्र कुटुंब झालं आणि त्यांचं आपसात पटत नाही ते सगळं कोपऱ्यात दिसतं. कोपरे मऊ, कोपरे काळपट, आणि झाडाच्या फांद्यांना जांभळी-हिरवी किनार.

तेव्हा कुणाला फरक पडत नव्हता हो. लग्नाचा ग्रुप फोटो पोस्टकार्ड साइझचा, तो काळ्या कागदाच्या अल्बममध्ये ते तिकोनी कॉर्नर लावून चिकटवलेला, म्हणजे फोटोचा कोपरा आयुष्यभर त्या तिकोनाच्या आतच. कडेला उभी राहिलेली आत्या जरा रुंद यायची, पण तो वाइडचा गुण आहे हे आत्याला माहीत नव्हतं आणि फोटोग्राफरला कोणी विचारलं नाही. आता आपण चोवीस नाहीतर बेचाळीस मेगापिक्सेल घेऊन बसतो आणि शंभर टक्के झूम करून थेट कोपऱ्यातच जातो. मधे बायको-मुलं हसतायत, छान आलीयत, तिकडे बघायचंच नाही. क्रॉप सेन्सर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) होता तेव्हा हे कोपरे आपोआप कापले जायचे, सुखात होतो. फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर) घेतला म्हणजे जास्तीचे पैसे देऊन कोपरे विकत घेतले.

एका मित्राने सल्ला दिला की मग आरसाच नसलेल्या कॅमेऱ्याची घे की, रेंजफाइंडरची. ऐकायला बरोबर वाटतं. रशियन ज्युपिटर-१२ बघा, तिचं मागचं भिंग एवढं बाहेर आलेलं असतं की कॅमेऱ्यात शिरून चहा मागेल. पण एवढ्या जवळून कोपऱ्याकडे जाणारे किरण फार तिरके जातात, फिल्मला ते चालायचं, डिजिटल सेन्सरवर मात्र काचेचा जाड थर असतो, त्यातून तिरका किरण गेला की कोपरा फरफटल्यासारखा येतो आणि वर गुलाबी झाक. म्हणजे आरसेवाली घ्या तर भिंगं जास्त, बिनआरशाची घ्या तर किरण तिरके. मित्राने पुढे विचारलं मग नवीन का घेत नाहीस, तर त्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.

मग यादी. मी एक्सेलमध्ये केली, बायकोला वाटलं मुलीच्या क्लासची फी चाललीय. पहिली निकॉनची २४ एफ २.८ (एफ म्हणजे आतलं भोक, ॲपर्चर, किती उघडतं ते; आकडा लहान तितकं भोक मोठं). १९६७ साली निकॉनने जवळच्या फोकसला आतली भिंगं वेगवेगळी सरकवायची युक्ती पहिल्यांदा हिच्यात आणली, इतिहासच आहे तो. मग मिनोल्टाची २४, जिचं डिझाइन लायकाने स्वतःच्या आर सिरीजसाठी घेतलं, हे मिनोल्टावाले पहिल्या वाक्यात सांगतात आणि लायकावाले शेवटपर्यंत सांगत नाहीत. ऑलिम्पसची २८ एफ ३.५, शर्टाच्या खिशात जाईल एवढुशी, ४९ चा फिल्टर. जर्मनीतल्या येनाची फ्लेक्टोगॉन २०, हिचं नाव घेताना लोक जरा आवाज खाली आणतात. कॅननच्या एफडी. त्यांची गोष्ट ऐकून तर मला भरूनच आलं, १९८७ ला कॅननने माउंट बदलला आणि या सगळ्या एका रात्रीत पोरक्या झाल्या, कारण एफडीचं माउंट ते फिल्म अंतर ४२ आणि नव्या ईएफचं ४४, म्हणजे साधा ॲडॉप्टर (मधली जोडनळी) लावून अनंतावर, म्हणजे फार लांबच्या गोष्टींवर, फोकसच होत नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं कोणी विचारत नव्हतं. मग २०१३ मध्ये सोनीने आरसा नसलेला फुल फ्रेम ए-सेव्हन काढला, अंतर फक्त १८ मिलिमीटर, आणि जगातली झाडून सगळी जुनी लेन्स त्याच्यावर बसायला लागली. त्या दिवसापासून एफडीवाले भाव सांगताना डोळ्यात बघत नाहीत.

आणि व्हिव्हिटारची २८! व्हिव्हिटार स्वतः लेन्स बनवायचीच नाही, दुसऱ्यांकडून करून घ्यायची, आणि कोणाकडून ते सिरियल नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांवरून कळतं. २२ असेल तर किरॉन, २८ असेल तर कोमिने, ३७ असेल तर टोकिना. हे मला समजलं त्या रात्री मी झोपलो नाही, दुसऱ्याच्या जाहिरातीतले अंधुक फोटो मोठे करकरून सिरियल नंबर वाचत होतो.

जाहिरातींची भाषा हा एक वेगळा विषय आहे. जपानमधून विकणारे लोक 'जवळजवळ नवीन' असं लिहून पुढे पाच अधिकचिन्हं देतात, आणि खाली बारीक अक्षरात: आत थोडी धूळ, किंचित धुरकटपणा, अगदी लहान बुरशी, फोटोवर परिणाम नाही. हे वाचताना मला आमच्या मावशीने आणलेली स्थळं आठवली, 'मुलगा लाखात एक, नोकरीचं बघतोय'. आपल्याकडच्या ऑनलाइन जाहिराती त्या मानाने सरळ. 'लेंस है. चालू है. फिक्स रेट.' फोटोत लेन्सपेक्षा मागचा सोफा शार्प.

'फोनमध्ये आहे की झिरो पॉइंट फाइव्ह,' बायको म्हणाली. मी तिला फुल फ्रेमवर पाऊण तास सांगितलं. फोनचा साधा कॅमेरासुद्धा चोवीस-सव्वीस एमेमइतकंच दाखवतो, म्हणजे ज्याच्यासाठी मी एक्सेल करत होतो ते तिच्या पर्समध्ये ऑलरेडी होतं, हे मात्र त्या पाऊण तासात कुठे बसवता आलं नाही.

शेवटी एका शनिवारी फोर्टात बोरा बाजारला गेलो. लेन्स हातात घेऊन बघायची याचे नियम ठरलेले आहेत: दोन्हीकडची टोपणं काढायची, ॲपर्चर पूर्ण उघडायचं, मोबाईलचा टॉर्च मागून मारायचा आणि तिरकं बघायचं. सरळ बघितलं तर प्रत्येक लेन्स स्वच्छच दिसते. तिरकं बघितल्यावर पहिल्या लेन्समध्ये कडेला एक नाजूक पांढरं जाळं, कोळ्याने विणायला घेतलेलं अर्धवट सोडल्यासारखं. बुरशी. मुंबई आणि कोकणातल्या पावसात चामड्याच्या केसमध्ये ठेवलेली लेन्स म्हणजे तिला आमंत्रणच, चामडं ओल धरून ठेवतं आणि वर लोक त्याच कपाटात डांबराच्या गोळ्या टाकून निश्चिंत. दुसरीत ॲपर्चरच्या पात्यांवर तेल, रिंग फिरवली तरी पाती आळसावलेली, बंद व्हायला तयार नाहीत. तिसरी मी कानाशी धरून हलवली.

दुकानातले काका चष्म्यावरून बराच वेळ बघत होते. म्हणाले, 'साहेब, भिंगाकडे किती बघताय, भिंगातून बघा की.'

हे मला लागलं. मी चौथी घेतली, निकॉन २८ एफ २.८, एआय-एस (निकॉनची नंतरची आवृत्ती). तिच्या फोकसच्या रिंगवर ०.२ मीटर लिहिलंय का ते तेवढं बघितलं, कारण तीच ती आठ भिंगांची चांगली, आधीची एआय ०.३ वर थांबते. होतं. काकांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

आता वाटतं ना संपलं? ॲडॉप्टर राहिला. ॲडॉप्टर म्हणजे आत काहीच नसलेली धातूची नळी, ४६.५ वजा १८ म्हणजे साडेअठ्ठावीस मिलिमीटर लांब, तिसरीतलं पोर हिशोब करेल. पण स्वस्तातले करणारे ती मुद्दाम केसभर आखूड करतात, म्हणजे अनंतावर फोकस नक्की होईल आणि गिऱ्हाईक परत येणार नाही. फक्त ०.१ मिलिमीटर आखूड असली ना, तर १३५ च्या लेन्सवर काही कळत नाही, पण २८ वर रिंग आठेक मीटरवर ठेवली की चंद्र शार्प आणि खऱ्या अनंताच्या खुणेवर सगळं गोलगोल. रिंगवरचे आकडे फक्त शोभेला. त्यात नळी जरा जरी वाकडी असेल तर फोटोची एक बाजू धुक्यात, तिकडे स्वित्झर्लंडला. माझी डावी बाजू गेली होती.

लेन्स वाकडी की ॲडॉप्टर वाकडा की मी वाकडा उभा, हे शोधायला विटांची भिंत लागते. ठाण्यात विटांची भिंत शोधून दाखवा. जुन्या बिल्डिंगींना प्लास्टर, नव्यांना ते राखाडी सिपोरेक्सचे ब्लॉक, आणि साइटवर कॅमेरा घेऊन गेलं की वॉचमनला वाटतं महापालिकेतून आलाय. मग गणपतीला गावी गेलो, कुडाळकडे, आणि परसात बघतो तर काय, जांभ्या चिऱ्यांची पाऊणशे फूट लांब भिंत! प्रत्येक चिऱ्याला भोकं भोकं, मधे चुन्याच्या सरळ रेषा, असला टेस्ट चार्ट निकॉनकडेही नसेल. ट्रायपॉड लावला, कॅमेऱ्याला हाताने सांगितलं की लेन्स २८ ची आहे (जुन्या लेन्सला बोलता येत नाही), 'लेन्सशिवाय शटर' चालू केलं, एफ २.८, एफ ४, एफ ५.६, एफ ८, प्रत्येकी एक. मग कॅमेरा उलटा केला, कारण नियम असा की उलटा केल्यावर खराब बाजू जर डावीकडून उजवीकडे गेली तर दोष सामानाचा, भिंतीवर तिथेच राहिली तर दोष आपल्या उभं राहण्याचा.

तेवढ्यात पलीकडून शेजारचे आबा.

'काय रे, मोजणी इली काय?'

म्हटलं, नाही हो आबा, फोटो काढतोय.

'गडग्याचे? कित्याक?'

आता यांना काय सांगणार. मी म्हटलं, 'काही नाही, कोपरे बघतोय.'

तर या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यावरून आमच्या आजोबांचं आणि आबांच्या वडिलांचं जे काही झालं होतं ते घरात मला कोणी सांगितलेलं नव्हतं. आबा आत गेले, पायात चपला सरकवून परत आले, येताना आपल्या चुलत्याला घेऊन आले. चुलते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, मशीन उलटा कित्याक धरलास? मी त्यांना उलटं-सुलटं समजावलं, त्यांना वाटलं मोजणीची नवीन पद्धत आहे. आईने चहा आणला तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलं की प्रकरण माझ्या हातात राहिलेलं नाही.

निकाल लागला होता म्हणा. खराब बाजू उलटल्यावर उजवीकडे गेली, म्हणजे मी सरळ, मग दुसरी लेन्स त्याच ॲडॉप्टरवर लावली तर तिचीही डावीच बाजू गेलेली, म्हणजे निकॉन निर्दोष, नळीच वाकडी. मी खुश. आबा मात्र हटेनात. 'फोटो दाखय. मोजणीवाल्यांक दाखवूक एक प्रत माका व्हयी.'

मोबाईलवर घेऊन दाखवले. पहिल्या फोटोत वादातला कोपरा नेमका त्या खराब डाव्या बाजूला, चिरे कुठले आणि चुना कुठला काही पत्ता नाही, सगळी लापशी. आबा नाक लावून बघतात. 'हो दगड आमचो की तुमचो, कायच कळना नाय.' मग उलट्या कॅमेऱ्याचा फोटो फिरवून दाखवला. त्यात तो कोपरा लख्ख, एफ ८ ला इतका शार्प की सीमेचा जुना दगड, त्याच्यावरची शेवाळ, आणि तो दगड आमच्या बाजूने हातभर आत म्हणजे आबांच्या परसात आहे, हे सगळं स्वच्छ.

आबांनी दोन्ही फोटो नीट निरखले, चष्मा पुसला, परत निरखले, चुलत्याला दाखवले. मग मोबाईल माझ्या हातात देत म्हणाले,

'माका तो आदलोच दी. तो बरो इलोहा.'