हेलिकॉप्टर तरंगत ठेवा, खाली दाभोळ येईल

आमच्या सोलापूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या मुंबई–न्यूयॉर्क विमानाबद्दल एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: प्रवास खरा साडेसहा तासांचाच आहे, पृथ्वी फिरते म्हणून अमेरिका आपणहून विमानाकडे येते, आणि कंपन्या सरळ न जाता उत्तरेकडून वळसा घालून तिकिटाचे पैसे वाढवतात. खाली काकांनी लिहिलंय, ‘विचार करण्यासारखं.’ केला.

साडेसहा तासांचं आधी उरकतो. रात्री 1 ला निघालं, सकाळी 7.30 ला उतरलं, केली वजाबाकी! उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथे साडेसात वाजतात तेव्हा सोलापुरात संध्याकाळचे 5. म्हणजे झाले 16 तास.

आता पृथ्वी. सोलापूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,590 किमी वेगाने पूर्वेकडे जाते. मेसेज खरा मानला तर होटगी रोडवरून हेलिकॉप्टर सरळ वर न्यायचं, नुसतं तरंगत ठेवायचं. 11 मिनिटांत खाली दाभोळची खाडी! मग मुंबईला जायला सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये रात्र कशाला काढायची बे? धावत्या गाडीत पोरं शेंगदाणा वर उडवून तोंडात झेलतात, तो मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. गाडीचा वेग त्यालाही असतोच. विमानही जमिनीचा वेग घेऊनच उठतं, आणि भोवतालची हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते.

शिवाय मेसेजच्या हिशेबाने अमेरिकेला जाताना वेळ कमी लागायला हवा. लागतो जास्त. 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. परतताना ते पाठीवर घेता येतात, म्हणून येताना एखाद-दोन तास वाचतात.

वळशाचा मुद्दा मात्र मलाही आधी पटला होता. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिकेवरून जाते. मग पोरीचा पृथ्वीगोल काढला, चादरीच्या काठाचा एक धागा उसवला (बायको बघत नव्हती), एक टोक मुंबईवर दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. धागा आपोआप वर सरकला: कझाकस्तान, रशिया, स्वीडन, नॉर्वे, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी. ही वाट सुमारे 12,500 किमी. नकाशावरची ‘सरळ’ रेघ सुमारे 14,200. गोल पृथ्वी सपाट कागदावर ताणली की असं होतं. खरा वळसा पट्टीचाच.

खरे वळसेही असतात, पण त्यांची कारणं वेगळी. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या. त्यात जादा इंधन कंपन्यांचंच जळलं.