फणसोबाला घाम येत नाही

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मालिका काढायचं तुमच्या मनात आहे, तीही वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, तीही मे महिन्यात. उत्तम. सुट्टी असल्यामुळे मुलं मोकळी असतात. हवा तेवढी कोंडलेली असते, पण हवेला मानधन द्यावं लागत नाही.

माणसाने अंगावर पोशाख चढवून करायचं पात्र म्हणून आंबा नको, तो सगळ्यांनी पिळून झाला. फणस घ्या. पोशाख शिवणारा म्हणेल, वेताच्या कांबींचा हलका सांगाडा करू, वर पातळ कापड ताणू, म्हणजे कापड अंगाला चिकटणार नाही आणि आत वारा खेळेल. त्याला चहा पाजून घरी पाठवा. आतला वारा कॅमेऱ्यात दिसत नाही. तुम्ही आपला गादीचा चार इंची स्पंज घ्या, वर लांब केसांची फर चढवा आणि काटा न् काटा वेगळा शिवून लावा. फणसाला केस कसे, हे मुलं विचारत नाहीत आणि प्रायोजक तर मुळीच विचारत नाही. हा स्पंज पाणी पितो. सकाळी दोघांनी उचललेला फणसोबा संध्याकाळी तिघांना उचलावा लागला, तर तो वाढीचं लक्षण समजा.

आता आतला माणूस. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. म्हणून जाणकार म्हणतात, पंधरा-वीस मिनिटं झाली की डोकं उतरवा, त्याला सावलीत बसवा, मीठ-साखरेचं पाणी द्या. पोशाखाखाली बर्फाच्या पिशव्यांची बंडी घाला. नऊच्या आत चित्रीकरण आटपा. पण नऊला तर तुमचा दिग्दर्शक घावणे खात असतो. त्यापेक्षा डोक्यात बॅटरीचा छोटा पंखा बसवा. गरम हवा बाहेर जायला वर भोक ठेवलं तर त्याचा उपयोग होतो, पण भोक पडद्यावर वाईट दिसेल. बुजवून टाका. पंखा तीच हवा इमानेइतबारे फिरवत राहील. पाठीला चेन धातूचीच लावा, प्लॅस्टिकची हलकी वाटते. खाऱ्या वाऱ्याने ती लवकरच अडकायला लागेल, म्हणजे माणूस उठसूट बाहेर यायचा प्रश्नच मिटला.

दिसण्याचं काय? ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकन मालिकेतला बिग बर्ड हा 8 फूट 2 इंचांचा पक्षी. 1969 पासून कॅरोल स्पिनी तो करायचे. उजवा हात डोक्याच्या वर धरून चोच हलवायची आणि छातीशी बांधलेल्या छोट्या टीव्हीवर कॅमेऱ्याचं चित्र बघत चालायचं. उजवा पंख रिकामाच. तो दोरीने डाव्या हाताशी जोडलेला, डावा खाली गेला की उजवा वर. त्यासाठी वापरायचे मासे पकडायची तंगूस. ती आपल्याकडे कुठल्याही बंदरावर मिळेल, तेवढीच घ्या. टीव्हीचा खर्च कशाला? तोंडाला काळी जाळी लावा. जाळीतून क्षितिज छान दिसतं. पायाखालचं दिसत नाही आणि तीन वर्षांचं मूल नेमकं पायाशीच असतं. हात धरून चालवणारा सोबती ठेवतात तो यासाठी. तो एक रोज वाचवा. होडीचा दोर आणि कुर्ल्यांची बिळं फणसोबा स्वतःच शोधून काढेल.

‘टेलिटबीज’ ही चिमुकल्यांची मालिका 1997 मध्ये बीबीसीवर सुरू झाली आणि तिचे 365 भाग झाले. ती पात्रं एवढी मोठी, की साधे ससे त्यांच्यापुढे उंदरांसारखे दिसले असते. म्हणून फ्लेमिश जायंट जातीचे दांडगे ससे आणले होते. आपल्याकडे कुत्रे आयते येतात. त्या मालिकेत एकच चित्रफीत लागोपाठ दोनदा दाखवत, कारण दुसऱ्या खेपेला पुढे काय होणार हे लहान मुलाला आधीच ठाऊक असतं आणि त्यातच त्याची मजा असते. तुम्ही यातून एवढंच घ्या की अर्ध्याच भागाचं चित्रीकरण केलं तरी चालतं.

मुलाला भेटवताना पात्राने लांब खाली बसावं, हात मांडीवर ठेवावेत आणि मूल आपण होऊन येईपर्यंत थांबावं, असं म्हणतात. यात वेळ फार जातो. शिमग्यात मुखवटा चढवलेला संकासुर दारात आला की पोरं आईच्या पाठीमागे लपतातच. पण संकासुर निदान थोड्या वेळाने पुढच्या घरी जातो. तुमचा फणसोबा पळत येऊन मिठी मारू दे. रडण्याचा आवाज नंतर काढता येतो.

रात्री पोशाख उलटा करून पंख्याखाली टांगू नका, ओलाच पेटीत दाबा. नाटकवाले वास मारायला पाण्यात व्होडका मिसळून फवारतात. इथे तिच्याऐवजी हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, वापरायचा मोह टाळा. वास राहील, युनिट जाईल.

आवाज मात्र मुंबईत, थंड स्टुडिओत भरा. मुखवट्याचे ओठ हलत नाहीत, म्हणून बोलणाऱ्याने शब्दागणिक डोकं हलवायचं आणि बाकीच्यांनी स्तब्ध राहायचं, नाहीतर कोण बोलतंय ते मुलाला कळत नाही. फणसोबा दोन्ही हात वर करून जोरजोरात डोकं हलवेल तो भाग अजिबात कापू नका. आत तो “चेन काढ रे, मेलंय मी,” असं म्हणत असेल. तिथे “चला, नाचू या!” नेमकं बसतं.