शांपूच्या बाटलीची पाठ

आषाढ होता, वीज गेली होती आणि पेपरवाला फोंड्याच्या पावसात कुठंतरी अडकला होता. वाचायला दुसरं काही नाही म्हणून मी शांपूची बाटली उलटी केली. तिथून पुढचा महिना माझ्या घरच्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत.

अक्षरं मुंगीच्या पावलांएवढी. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, शेवटी मोबाइलनं फोटो काढून तो दोन बोटांनी ताणला. पहिलंच नाव अ‍ॅक्वा. म्हटलं, इथूनच काळंबेरं दिसतंय. अर्ध्या तासाच्या शोधानंतर कळलं की अ‍ॅक्वा म्हणजे पाणी.

खाली मिथाइलपॅराबेन होता. म्हणजे बाटलीत बुरशी येऊ नये म्हणून घातलेलं औषध. युरोपियन युनियननं 2014 मध्ये पाच पॅराबेनांवर बंदी घातली. आमचा त्या पाचांत नव्हता, पण भावकीतला खरा. चुलतभाऊ तुरुंगात गेल्यावर लोक माणसाकडे कसे बघतात, तसा मी त्या बाटलीकडे बघू लागलो.

मग मी सुटलोच. डासांच्या कॉइलवर 2003 मध्ये एक अभ्यास झाला होता. एक कॉइल जळून संपेपर्यंत जे सूक्ष्म कण निघतात, ते 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे भरले. जन्मात विडीला हात न लावलेला मी रोज रात्री झोपेत पाकिटंच्या पाकिटं ओढत होतो! कॉइल बंद केली. पावसाळ्यात गोव्यात कॉइल बंद करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळायचं नाही.

आईच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्याही त्याच आठवड्यात गेल्या. नॅप्थलीन! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं तिला 2बी गटात, म्हणजे 'कर्करोग कदाचित होऊ शकेल' अशांत टाकलंय. त्याच यादीत गट 1 मध्ये, म्हणजे 'नक्की होतो' अशांत, दारू आहे. तिथं फेणीचा वेगळा उल्लेख नाही, हे मी तीनदा तपासून घेतलं. पणजीला फार्मसी शिकणाऱ्या मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो. धोका किती, ते तुम्ही किती घेता त्यावर." मी विषय बदलला.

यापुढं सगळं नैसर्गिक, असं जाहीर करून मी रिठ्यानं डोकं धुतलं. रिठ्यातलं सॅपोनिन डोळ्यांत गेलं. शांपू इतका झोंबल्याचं आठवत नाही. टॉवेल चाचपडत मी न्हाणीच्या दारात उभा, तर आई म्हणाली, "काजूच्या बियेचा डीकही नैसर्गिकच रे. लाव ओठाला." लहानपणी ओली बी दातानं फोडून मी आठवडाभर सुजलेलं तोंड घेऊन फिरलो होतो, ते ती विसरलेली नव्हती.

खरा पराक्रम पुढं घडला. न्हाणीच्या भिंतीवर काळी बुरशी चढली होती. घरातल्या रसायनांचा आता मीच जाणकार, म्हणून काम माझ्याकडे आलं. एकट्या ब्लीचनं डाग हटेना, म्हणून त्यावर संडास साफ करायचं निळं औषध ओतलं. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट, निळ्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. दोन्ही नावं मला तोंडपाठ होती, स्पेलिंगसकट. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, तोच जो 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ सैनिकांवर सोडला होता, हे वाचायचं राहून गेलं होतं.

घशात कुणीतरी काथ्या घासतंय असं वाटलं. डोळ्यांना धारा लागल्या. बायकोनं मला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि घराच्या खिडक्या-दारं उघडून टाकली. मी सोप्यावर बसून खोकत होतो. पाऊस आत येत होता. येवो.

खोकला उतरल्यावर तिनं दोन्ही बाटल्या माझ्यापुढं धरल्या. दोन्हींवर ठळक, चांगल्या बोटभर अक्षरांत लिहिलं होतं, की दुसऱ्या कोणत्याही क्लीनरमध्ये मिसळू नये.

"अहो, हे चष्म्याशिवायसुद्धा दिसतंय," ती म्हणाली.

मोठी अक्षरं मी कधी वाचलीच नव्हती. जे लपवायचं ते बारीक अक्षरांतच असणार, अशी माझी खात्री होती.

एवढ्यात आतून आई आली. हातात तिचा लग्नातला शालू. "ट्रंकेतल्या गोळ्या कुठं टाकल्यास रे?" असं विचारत तिनं पदर माझ्यापुढं पसरला. पदरातून मला तिची बोटं दिसत होती.